पानावरचे डाग मोजणारं प्लगइन सगळ्यांना मोफत द्यायचंय, लायसन्स कोणतं लावू?

तुमचा प्रश्न मी असा समजले: नाशिकच्या एका महाविद्यालयात तुम्ही पीएचडी करताय. द्राक्षाच्या पानावर डाऊनी या बुरशीजन्य रोगाचे डाग किती टक्के पसरलेत, ते फोटोवरून मोजणारं प्लगइन तुम्ही फिजी या प्रतिमा मोजणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी लिहिलंय. पानामागची पांढरी बुरशी तुम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघता आणि त्या फाईली उघडायला बायो-फॉरमॅट्स ही लायब्ररी वापरता. मार्गदर्शक म्हणतात, नुसती जार फाईल (चालणारा, पण आतला कोड न दिसणारा प्रोग्रॅम) द्या, कोड देऊ नका आणि वर ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ असं लिहा. इकडे एका निर्यातदार कंपनीनेही प्लगइन मागितलंय. लायसन्स कोणतं लावावं?

मी बावीस वर्षं नाशिकमध्ये प्रतिमांवरून मोजमाप करायचं हेच काम करते. सुरुवात अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लॅबमध्ये झाली. तिथे बिडाच्या कास्टिंगमधले ग्राफाइटचे नोड्यूल (बारीक गोळे) मोजायचे. पुढे शेतीच्या नमुन्यांकडे वळले. मी वकील नाही, त्यामुळे कायद्याचं जे लिहितेय ते कामापुरतं शिकलेलं आहे. संस्थेच्या सहीचा प्रश्न आला की तिथल्या विधी विभागाला विचाराच.

लायसन्सचं नाव ही शेवटची पायरी आहे. त्याआधी हे सॉफ्टवेअर कोणाच्या मालकीचं आहे आणि त्यात दुसऱ्यांचं काय काय आहे, ही दोन उत्तरं हातात हवीत. ती मिळाली की लायसन्सचे पर्याय आपोआप दोन-तीनवर येतात. लोक उलटं करतात. यादीतून एक नाव उचलतात, फाईल चिकटवतात आणि दोन वर्षांनी कळतं की ते लायसन्स द्यायचा अधिकारच आपल्याला नव्हता.

पण आधी कोड का द्यायचा ते सांगते, कारण तुमच्या सरांचं मन तिथे वळलं तर पुढचं सोपं जाईल.

काही वर्षांपूर्वी पानांवरच्या डागांसाठी मी इमेजजेचा (फिजी ज्यावर उभं आहे ते सॉफ्टवेअर) एक मॅक्रो, म्हणजे आज्ञांची छोटी फाईल, लिहिला होता. माझ्या मशीनवर तो उत्तम चालायचा. दुसऱ्या गावच्या एका संशोधकाने तो नेला आणि आठवड्याभरात त्यांचं पत्र आलं: “मॅडम, तुमचा मॅक्रो या पानावर ९३ टक्के रोग दाखवतो. डोळ्यांना तर सातच टक्के दिसतोय.” ९३ आणि ७ यांची बेरीज बघा. मॅक्रो डाग सोडून उरलेलं पान मोजत होता. त्यांनी मॅक्रो नोटपॅडमध्ये उघडला, ओळ न् ओळ वाचली आणि चूकही तेच शोधून मोकळे झाले. इमेजजेमध्ये बायनरी, म्हणजे नुसत्या काळ्या-पांढऱ्या प्रतिमेसाठी ‘ब्लॅक बॅकग्राउंड’ नावाची एक सेटिंग असते. ती प्रत्येकाच्या मशीनवर वेगळी असू शकते आणि मॅक्रोने स्वतः ती ठरवली नाही, तर वस्तू कुठली आणि पार्श्वभूमी कुठली, हे त्या-त्या मशीनच्या मर्जीवर राहतं. मी ती ओळ लिहिलीच नव्हती. माझ्या मशीनवर त्या सेटिंगसमोर खूण आधीच केलेली असल्याने मला कधी जाणवलं नाही.

मी नुसती बंद फाईल दिली असती तर काय झालं असतं? ज्या पानावर डाग निम्म्याला लागलेत, तिथे ४८ ऐवजी ५२ आलं असतं आणि कोणालाच शंका आली नसती. तो आकडा कोणाच्या तरी प्रबंधात गेला असता, त्यावरून कुठल्या फवारणीने किती फरक पडला याचा तक्ता झाला असता. म्हणून मी म्हणते, मोजमाप करणाऱ्या सॉफ्टवेअरचा कोड हा प्रबंधातल्या ‘साहित्य आणि पद्धती’ या प्रकरणाचाच भाग आहे. तो लपवला तर पद्धतच लपवली.

दुसरा अनुभव मालकीचा. नोड्यूल मोजायला मी एका ओळखीच्या माणसाचा मॅक्रो घेतला होता. फाईलच्या डोक्यावर त्यांचं नाव आणि खाली ‘वापरायला मोफत’ एवढंच. पाच-सहा वर्षं मी त्यात भर घातली. मग तो इतरांना द्यायची वेळ आली, तेव्हा प्रश्न पडला: मोफत वापरायची परवानगी दिसतेय, पण बदलायची? पुढे वाटायची? त्यांनी नोकरी सोडलेली, ईमेल परत येत होता आणि तो मॅक्रो त्यांनी नोकरीत असताना लिहिला असेल तर हक्क त्यांचाही नसेल. शेवटी मी जुना कोड बाजूला ठेवून सगळं नव्याने लिहिलं. मराठीत आपल्याकडे मोफत (पैसे न घेता) आणि मुक्त (बघायची, बदलायची, पुढे वाटायची मोकळीक) असे दोन शब्द आहेत, त्यांचा उपयोग करून घ्या. तुम्हाला मोफत द्यायचंय की मुक्त, हे सरांसोबत बसून ठरवा. काहीच न लिहिता कोड नुसता गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टाकला तर तो मुक्त होत नाही. कॉपीराइट लिहिल्या क्षणी लागतो. मग लोक तो बघू शकतात, गिटहबवरच त्याची फोर्क (स्वतःची प्रत) करू शकतात, त्यापुढे त्यांचे हात बांधलेले.

आता मालकी. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत मोडतो. कलम १७ प्रमाणे पहिला मालक लेखक. पण नोकरीच्या करारात, कामाचा भाग म्हणून लिहिलेलं असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर मालक नोकरी देणारा. सरकारी काम असेल तर सरकार. तुम्ही नुसत्या विद्यार्थिनी असाल तर कोड तुमचा असण्याची शक्यता जास्त. पण तुम्ही त्याच महाविद्यालयात सहायक प्राध्यापक असाल, एखाद्या प्रकल्पावर पगारी असाल किंवा फेलोशिप घेताना बौद्धिक संपदेच्या कागदावर सही केली असेल, तर चित्र बदलतं. तुमच्या प्रश्नात हे आलेलं नाही आणि सगळ्यात जास्त याच्यावर अवलंबून आहे. प्रवेशाच्या वेळचे आणि निधीच्या मंजुरीचे कागद काढा, नीट वाचा. सरांनी किंवा एखाद्या सहकारी विद्यार्थ्याने कोडचा काही भाग लिहिला असेल तर तेही वाटेकरी आहेत. नुसती कल्पना सुचवली असेल तर नाहीत, कारण कॉपीराइट लिहिलेल्या कोडवर असतो, कल्पनेवर नसतो. श्रेय मात्र त्यांना जरूर द्या.

संस्था मालक निघाली तरी घाबरू नका. विभागप्रमुखांकडून एका पानाचं पत्र घ्या: अमुक नावाचं सॉफ्टवेअर, अमुक लायसन्सखाली प्रसिद्ध करायला संस्थेची संमती आहे. त्यात लायसन्सचं पूर्ण नाव आणि आवृत्ती लिहून घ्या. ‘मोफत देण्यास हरकत नाही’ असं गोलमोल पत्र घेऊ नका, आणि त्याला ठोस कारण आहे. आपल्या कायद्याच्या कलम १९ मध्ये हक्क हस्तांतराबद्दल असं म्हटलंय की मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कलम ३०-अ मुळे हेच लायसन्सलाही लागू होतं. म्हणजे घरी बसून लिहिलेली ‘सर्वांना वापरास मुभा’ ही ओळ पाच वर्षांनी संपू शकते आणि भारताबाहेर तिला अर्थ नसू शकतो. अपाची २.० या प्रचलित लायसन्समध्ये ‘कायमस्वरूपी आणि जगभर’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. जीपीएल हे लायसन्स, पुढे वाटणाऱ्याने कोडही त्याच अटींवर द्यावा, असं बांधतं; त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत कॉपीराइटची मुदत असेपर्यंत असं आहे. बीएसडी आणि एमआयटी ही जवळजवळ अटी नसलेली लायसन्स फार छोटी आहेत, त्यात या दोन्हींबद्दल काही नाही. म्हणून त्यातलं एखादं निवडलं तर संस्थेच्या पत्रातच ‘जगभर, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी’ हे शब्द घालून घ्या.

इथे कोणीतरी म्हणेलच की इमेजजे तर पब्लिक डोमेनमध्ये आहे, म्हणजे त्यावर कोणाचाच कॉपीराइट नाही, आपणही तसंच करू. इमेजजेची गोष्ट वेगळी आहे. वेन रॅसबंड यांनी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत नोकरीत असताना तो लिहिला. आधी १९८७ पासून मॅकवर एनआयएच इमेज, मग १९९७ पासून जावामध्ये इमेजजे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या गोष्टीवर तिथे कॉपीराइटच नसतो. त्या एका नियमाचं आपल्या क्षेत्रावर किती ऋण आहे ते मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. परवाना नाही, विचारणा नाही, म्हणून नाशिकच्या लॅबमध्येही आम्ही पहिल्या दिवसापासून तो वापरू शकलो, उघडून बघू शकलो, त्यावर बांधू शकलो. पण आपल्याकडे सरकारी कामाचा मालक सरकार असतं आणि लेखकाला हक्क सोडायचा असेल तर कलम २१ खाली कॉपीराइट निबंधकांना कळवून किंवा जाहीर सूचना देऊन सोडावा लागतो. त्या वाटेला जाऊ नका. सरळ प्रचलित लायसन्स लावा.

आता आत काय आहे ते. तुमच्या कोडच्या वर इम्पोर्टच्या, म्हणजे दुसऱ्यांचा कोड आत घेणाऱ्या, जितक्या ओळी आहेत, त्या प्रत्येकीसमोर लायसन्स लिहून काढा. कागदावर, हाताने. अर्ध्या तासाचं काम आहे. इमेजजेच्या मूळ भागावर काही बंधन नाही. इमेजजे२ (त्याची नव्याने लिहिलेली आवृत्ती) चे भाग बीएसडीखाली आहेत, तेही मोकळे. बायो-फॉरमॅट्सचा बहुतेक भाग जीपीएलखाली आहे, दुसरी किंवा त्यापुढची आवृत्ती. तुमचं प्लगइन त्याच्या कोडला थेट हाक मारत असेल आणि तुम्ही ते वाटणार असाल, तर तुमचं एकत्रित प्लगइन जीपीएलखालीच जायला हवं. म्हणजेच सरांची ‘फक्त शैक्षणिक’ ही अट आणि ‘कोड नाही’ ही अट, दोन्ही तिथेच गळून पडतात. जीपीएल जास्तीची बंधनं घालू देत नाही आणि बंद फाईल दिली की कोडही द्यावा लागतो. नुसत्या मॅक्रोने मेन्यूतली आज्ञा नावाने बोलावली तर ते यात येतं का, यावर लोक वाद घालतात. मी त्या वादात तुम्हाला उभं करणार नाही.

पुढच्या टप्प्यात योलो (फोटोतल्या वस्तू ओळखायला शिकवलेलं मॉडेल) वापरून डाग ओळखायचा विचार आहे, असंही तुम्ही लिहिलंय. सावध राहा. योलो हे एका घराण्याचं नाव आहे आणि त्यातली सगळी एका लायसन्सची नाहीत. अल्ट्रालिटिक्स या कंपनीची सध्याची मॉडेल्स एजीपीएल या जीपीएलच्या अधिक कडक रूपाखाली आहेत. त्यात बदल करून ते नुसतं वेबसाइटवर सेवा म्हणून चालवलं तरी वापरणाऱ्याला कोड मागायचा हक्क मिळतो. ज्यांना ते नको, त्यांना ती कंपनी वेगळा, पैशांचा परवाना विकते. सायकिट-इमेज, नापारी, स्टारडिस्ट, सेलपोज या प्रतिमांच्या इतर सॉफ्टवेअर्सचा कोड बीएसडीखाली आहे. ओपनसीव्ही ही प्रतिमांचीच लायब्ररी ४.५ पासून अपाचीखाली आहे. खिडक्या-बटणांसाठी पायक्यूटी घेतलंत तर ते जीपीएल किंवा विकतचं आणि पायसाइड घेतलंत तर एलजीपीएल, म्हणजे जीपीएलचं सौम्य रूप. दिसायला दोन्ही जवळपास सारखी, पण बंद कोडच्या प्रकल्पात हा फरक फार महागात पडतो.

इथपर्यंत जमलं असेल तर तुमच्यासमोर खरं तर एकच निवड उरते: सगळं जीपीएल, की दोन तुकडे. मी तुमच्या जागी असते तर दोन तुकडे केले असते. डाग वेगळे काढून टक्का काढणारा जो गाभा आहे, तो फक्त इमेजजेवर उभा ठेवायचा आणि त्याला तीन कलमी बीएसडी लावायचं. सूक्ष्मदर्शकाच्या फाईली वाचणारा भाग वेगळ्या फाईलमध्ये, जीपीएल तिसऱ्या आवृत्तीखाली. साध्या मोबाईल फोटोवर काम करणाऱ्या माणसाला दुसऱ्या भागाची गरजच नाही. हे माझं मत आहे आणि त्यामागचं कारण सांगते: मोजमापाची पद्धत जितक्या हातांत जाईल तितकी तपासली जाते. कंपनीच्या हातातसुद्धा.

सरांची भीती मात्र खरी आहे, ती उडवून लावू नका. ‘आपण कष्ट करायचे आणि कोणीतरी उचलून विकायचं.’ ही भीती मनात खोल असेल तर सगळंच जीपीएल करा. जीपीएल विकायला मनाई करत नाही, पण विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला कोडही द्यावा आणि तेच हक्कही द्यावेत असं बांधतं. बंद डब्यात घालून विकता येत नाही. क्यूपाथ, इलास्टिक, आयसी ही आपल्या क्षेत्रातली नावाजलेली सॉफ्टवेअर्स जीपीएलवरच आहेत. सेलप्रोफायलर पूर्वी जीपीएल होतं, आता बीएसडी आहे. दोन्ही वाटांनी चांगली कामं झालीत.

‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ याच्या मी विरोधात आहे. त्यामागे पैशांचा हिशोब नाही, नाशिक जिल्हा आहे. तुमचं प्लगइन कोणाच्या कामाचं? निफाड, दिंडोरीच्या बागायतदाराच्या. तो द्राक्षं विकतो, म्हणजे व्यावसायिक. शेतकरी उत्पादक कंपनी व्यावसायिक. बागेत येऊन सल्ला देणारे खाजगी सल्लागार व्यावसायिक. औषधांच्या दुकानात बसलेला कृषी पदवीधर व्यावसायिक. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला आणि पानांवर तेलकट पिवळे डाग दिसायला लागले की ज्यांना त्याच दिवशी आकडा हवा असतो, ती सगळी माणसं तुमच्या अटीबाहेर. आत राहिले फक्त आपण, ज्यांच्याकडे मोजायला वर्षभर वेळ आहे. शिवाय अशी अट असलेलं लायसन्स मुक्त स्रोताच्या व्याख्येतच बसत नाही, कारण त्या व्याख्येत कुठल्याही क्षेत्रातल्या वापराला मनाई करता येत नाही.

त्या निर्यातदार कंपनीचं काय? बीएसडी असो वा जीपीएल, ती कंपनी स्वतःच्या पॅकहाउसमध्ये किंवा बागांवर ते वापरू शकते. तुमची परवानगी लागत नाही, कोड उघड करायची सक्ती नाही. त्यांना ते बंद अॅपमध्ये घालायचं असेल आणि तुम्ही जीपीएल निवडलं असेल, तर मालकाकडून वेगळा परवाना घ्यावा लागेल आणि त्याचे पैसे मालक घेऊ शकतो. अमेरिकेच्या एमआयटी विद्यापीठातलं एफएफटीडब्ल्यू हे गणिती सॉफ्टवेअर बरीच वर्षं याच पद्धतीने चालतं. सगळ्यांना जीपीएलखाली मोफत, ज्यांना जीपीएल नको त्यांना संस्थेकडून विकत. सरांना हे उदाहरण द्या. पण हे तेव्हाच शक्य, जेव्हा आतला प्रत्येक तुकडा तुमचा किंवा मोकळ्या लायसन्सचा असेल. बायो-फॉरमॅट्स आत गुंफलेलं असेल तर ते तुम्ही विकू शकत नाही. दोन तुकडे करायचं हे आणखी एक कारण. प्रशिक्षण, कॅलिब्रेशन, त्यांच्या कॅमेऱ्यानुसार बदल करून देणं, याचे पैसे तर तुम्ही कुठल्याही लायसन्सखाली घेऊ शकता आणि घ्यावेत. कामाची हमी मात्र देऊ नका. ही सगळी लायसन्स हमी नाकारतात, ती ओळ काढू नका.

फोटोंबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण माझ्या दृष्टीने ते कोडइतकंच महत्त्वाचं आहे. चाचणीचे फोटो सोबत द्या आणि त्यांना वेगळं लायसन्स लावा. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचं सीसी-बाय ४.० (श्रेय देऊन कोणीही वापरावं) चांगलं. उलट कोडला क्रिएटिव्ह कॉमन्स लावू नका, ते लोक स्वतःच सॉफ्टवेअरसाठी ते वापरू नका म्हणतात. मोबाईलने काढलेल्या फोटोत बागेचं अक्षांश-रेखांश लपलेलं असू शकतं. हंगामाच्या तोंडावर कोणाच्या तरी बागेतला डाऊनी त्याच्या ठिकाणासकट जगासमोर ठेवणं म्हणजे त्या शेतकऱ्याचा विश्वासघात. ती माहिती पुसून टाका, टीआयएफएफमध्ये साठवा. जेपीईजीच्या दाबणीत डागाच्या कडा फाटतात आणि उंबरठा (डाग आणि पान वेगळं करणारी रंगाची सीमा) लावला की तिथेच आकडा हलतो. फोटोत पट्टी असू द्या, निळ्या कार्डावर पान असू द्या. वैद्यकीय प्रतिमांवर काम करणारं कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी नियम याहून कितीतरी कडक आहेत. डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या फाईलच्या डोक्यात रुग्णाचं नाव असतं. नैतिकता समितीच्या संमतीशिवाय एकही प्रतिमा बाहेर जाऊ देऊ नका.

प्रत्यक्ष द्यायचं कसं, ते पटकन सांगते. लायसन्सचा मूळ मजकूर शब्द न बदलता एका फाईलमध्ये, प्रत्येक कोड-फाईलच्या डोक्यावर वर्ष, मालकाचं नाव आणि लायसन्सचं नाव. वापरलेल्या इतर लायब्ररींची यादी. आवृत्तीला क्रमांक द्या आणि ती आवृत्ती झेनोडोवर ठेवा. युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेने २०१३ मध्ये सुरू केलेली ही साठवण गिटहबला जोडता येते आणि प्रत्येक आवृत्तीला डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, मिळतो. लोक तोच उद्धृत करतील आणि तुमच्या कामाची नोंद राहील. सरांना श्रेयाची काळजी असेल तर त्याचं उत्तर अटी घालण्यात नाही, या डीओआयमध्ये आहे. फिजीची स्वतःची अपडेट साइट उघडता येते. तिथून दिलं तर दुरुस्ती केली की सगळ्यांकडे पोहोचते, जार फाईल ईमेलने फिरत राहत नाही. आणि ‘ब्लॅक बॅकग्राउंड’ची ती ओळ लिहायला विसरू नका.

सगळ्यात शेवटी पाच पानांचे फोटो आणि प्रत्येकासमोर तुमच्या मशीनवर आलेला टक्का, एवढं एका छोट्या तक्त्यात घाला. नवीन माणसाने प्लगइन बसवलं की आधी हीच पाच पानं मोजून बघायची. तक्ता तयार झाला की इथेच टाका. माझ्याकडे विंडोजचं एक जुनं आणि लिनक्सचं एक नवं मशीन आहे, दोन्हीवर चालवून आलेले आकडे मी इथेच लिहीन.